बागेचा दिवस कितवा?

नोव्हेंबर २०२२. रात्रीचे पावणेअकरा. दिवसभर ट्रॅक्टरवर बसून फवारणी झालेली, अंग मोडून आलेलं. डोळा लागतो न लागतो तोच फोन वाजला. आमच्या द्राक्ष बागायतदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधलाच एक तरुण पोरगा होता. वडील गेल्यापासून दोन वर्षं एकटाच बाग बघतोय.

"भाऊ, दांड्या दगडासारख्या झाल्यात. घड पिळवटल्यासारखे वाकडे झालेत, हात लावला की कटकन तुटतंय. ग्रुपवर सांगितलं तेवढंच मारलं हो मी."

"काय मारलं?"

"जीए. चाळीस पीपीएम."

"मारलं तेव्हा बागेचा दिवस कितवा होता?"

तो जरा वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "तेविसावा."

द्राक्षाशी संबंध नसलेल्यांसाठी दोन ओळी. बागेचा दिवस म्हणजे गोडी छाटणीपासून, फळासाठी करतात त्या छाटणीपासून, मोजलेला दिवस. जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड. वेलीच्या वाढीचं संजीवक. शंभर लिटर पाण्यात एक ग्रॅम विरघळवलं की दहा पीपीएम होतं. घड दोडा अवस्थेत असतो, म्हणजे फुलोऱ्याच्या आधी, तेव्हा पाकळ्या, म्हणजे घडाच्या बारीक फांद्या, लांब व्हाव्यात म्हणून हे दहा-पंधरा पीपीएमच्या आसपास देतात. मणी धरल्यावर, पन्नास-साठ दिवसांच्या पुढेमागे, मणी फुगावा म्हणून घड बुडवतात, तेव्हा चाळीसची भाषा येते. औषध एकच. पण तेविसाव्या दिवसाला पंचावन्नाव्या दिवसाचा डोस गेला की घडाची दांडी जाड, कडक आणि ठिसूळ होऊन बसते. त्या पोराने शंभर लिटरला चार ग्रॅम टाकलं होतं. अर्ध्याहून जास्त घड काढून टाकावे लागले त्याला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी ग्रुप वर सरकवत सरकवत तो मेसेज शोधला. देवळा तालुक्याकडच्या एका अनुभवी बागायतदाराने टाकलेला. त्याची सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातली छाटणी, त्याच्या बागेला चाळीस बरोबरच होतं. त्याने लिहिलं होतं, "जीए ४० घेतलं, रिझल्ट एक नंबर." खाली बावीस अंगठे. मध्ये कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस, एक निवडणुकीचा व्हिडिओ, ढगाळ हवामानाचा फॉरवर्ड, आणि त्यानंतर या पोराचा, त्याच्या थॉमसन जातीच्या द्राक्षांबद्दलचा प्रश्न: "थॉमसनला जीए किती घ्यावं?" त्याला कुणी उत्तर दिलंच नाही. त्याने वरचं वाचलं आणि मारलं.

देवळ्याचा माणूस चुकला नव्हता. पोरगाही तसा चुकला नव्हता. चूक आमच्या ग्रुपच्या घडणीतच होती, आणि ग्रुपचा ॲडमिन मी होतो.

ग्रुप २०१७ मध्ये सुरू झाला तेव्हा आम्ही चौतीस जण होतो, सगळे दिंडोरी आणि निफाडचे, सगळे एकमेकांना ओळखणारे. तेव्हा नियमांची गरजच नव्हती. कुणी "डाऊनी दिसतोय" (डाऊनी म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग) म्हटलं की त्याची बाग ओढ्याकाठची आहे, तिथे सकाळी दव जास्त पडतं, हे बाकीच्यांना ठाऊक असायचं. ग्रुपची तेव्हाची २५६ जणांची मर्यादा वर्षभरात भरली. मग "दोन नंबर" काढला. दोन नंबरातल्या लोकांना कायम वाटायचं की खरी माहिती एक नंबरातच येते. काही जण दोन्हीकडे शिरले, तेच मेसेज इकडून तिकडे पाठवू लागले, आणि एकच अफवा दोनदा वाचल्यावर ती खरी वाटायला लागली.

२०१९चा ऑक्टोबर-नोव्हेंबर कुठलाच नाशिककर बागायतदार विसरणार नाही. दिवाळीतही पाऊस, दिवाळीनंतरही पाऊस. फुलोऱ्यातल्या बागा डाऊनीने डोळ्यांदेखत गेल्या. त्या महिन्यात ग्रुपवर दिवसाला चारशेच्या वर मेसेज पडायचे. रात्री दोनला लोक पानांचे फोटो टाकायचे. मदत करावी असं प्रत्येकाला वाटत होतं, म्हणून प्रत्येकजण काही ना काही सांगत होता, आणि त्यातून घ्यायचं काय हेच कळेना. माणूस घाबरला की तिसऱ्या औषधावर चौथं मारतो. आमच्यातल्या कित्येकांनी तसंच केलं. मीही केलं.

तेव्हाच खरं तर शहाणं व्हायला हवं होतं. पण पुढे मार्च २०२० आला, माल तोडणीला आणि बाजार बंद, तेव्हा याच ग्रुपवरून आम्ही पेट्या भरून नाशिक-मुंबईच्या सोसायट्यांमध्ये थेट विकल्या. ग्रुपने तारलं म्हणून त्याच्या दुखण्याकडे कानाडोळा झाला. त्या पोराचा फोन आला नसता तर अजूनही तसंच चाललं असतं.

पहिलं पाऊल मी चुकीचं टाकलं. चिडून एकवीस नियम लिहून काढले आणि ग्रुपवर चिकटवले. गुड मॉर्निंग नको, राजकारण नको, वाढदिवस नको, फॉरवर्ड नको. तीन दिवस शांतता. चौथ्या दिवशी एका नानांनी संकष्टीचा गणपती टाकला, मी तो काढला. ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज काढता यायची सोय तेव्हा नवीनच आली होती, आणि नवीन शस्त्र हातात आलं की माणूस ते चालवून बघतोच. नाना ग्रुप सोडून गेले. त्यांच्यामागे अकरा जण गेले. बापाच्या वयाच्या माणसाचा गणपती पुसणारा म्हणून माझं नाव झालं ते वेगळंच.

घरी जेवताना हे सगळं वडिलांच्या कानावर घातलं. ते काही वर्षं पाणीवापर संस्थेवर होते. आमच्याकडे याला इतिहास आहे. १९९०च्या दशकात ओझरला बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी समाज परिवर्तन केंद्राच्या माध्यमातून वाघाड धरणाच्या कालव्यावर पाणीवापर संस्था उभ्या केल्या. पुढे अख्ख्या प्रकल्पाचं पाणीवाटप शेतकऱ्यांच्याच हातात आलं. त्याआधी कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्याला पाणी म्हणजे ऐकीव गोष्ट होती. डोक्याकडचे सगळं उपसून घ्यायचे.

वडील भाकरी मोडत म्हणाले, "तू भांडण कोण करतंय ते बघतोयस. पाणी कुठं अडतंय ते बघ ना."

मग त्यांनी सांगितलं की आवर्तनात त्यांनी पाणी शेपटापासून वर द्यायला सुरुवात केली होती. कोरडा राहणारा आधी भिजला की वरच्याच्या चोरीला जोर राहत नाही. शिवाय २००५ च्या सिंचन व्यवस्थापनाच्या कायद्यात संस्थेच्या कमिटीवर डोक्याचे, मधले आणि शेपटाचे असे तिन्ही भागांतले संचालक घ्यायची तरतूद आहे. एकाच भागातली माणसं बसली की पाटाचं दार त्यांच्याच बांधाला लागतं.

मी ग्रुपचे पाच ॲडमिन डोळ्यांपुढे आणले. पाचही दिंडोरी-निफाडचे, पाचही ऑक्टोबर छाटणीवाले. बागलाण, देवळा, कळवणकडचे लोक महिना-दोन महिने आधी छाटतात, त्यांच्यातला एकही नाही. आणि पाचातला एक तर कृषी सेवा केंद्रवाला.

जून २०२३ मध्ये, उन्हाळ्यातल्या खरड छाटणीची गडबड सरून गोडी छाटणीला अजून वेळ होता तेव्हा, मखमलाबाद रोडला एका मळ्यातल्या मिसळीवर आम्ही अठरा जण बसलो. मी नानांच्या घरी जाऊन, पाया पडून त्यांना मुद्दाम बोलावून आणलं होतं. नानांनी आल्या आल्या सगळ्यांसमोर विचारलं, "आज गणपती चालेल का?" हशा झाला, आणि माझ्या मानेवरचं ओझं उतरलं.

तालुक्याप्रमाणे ग्रुप पाडावेत असं बहुतेकांचं मत होतं. दिंडोरी, निफाड, चांदवड, बागलाण. ऐकायला सरळ वाटतं. पण आमच्यातल्या एक काकू, स्वतः चार एकर सांभाळणाऱ्या, तर्रीचा वाडगा बाजूला सारून म्हणाल्या, "माझ्या शेजारच्याची छाटणी माझ्या पंचवीस दिवस नंतरची. त्याचा माझा बांध एक आहे, पण प्रश्न एक नाही. माझ्यासारखे प्रश्न चांदवडला कुणाला तरी पडलेत, त्या माणसाला मी ओळखतच नाही."

तिथेच सगळं जमलं. नाशिकच्या बागायतदाराला पोराचा वाढदिवस आठवणार नाही, पण बागेचा दिवस झोपेतून उठवला तरी तो सांगेल. आम्ही मात्र पंधराव्या दिवसाचे आणि ऐंशीव्या दिवसाचे लोक एकाच पंगतीत बसवून एकाच डावाने वाढत होतो. निम्मी भांडणं नुसती त्यातून उठायची. एकजण म्हणायचा पाणी तोडा, दुसरा म्हणायचा पाणी वाढवा, आणि दोघेही आपापल्या बागेपुरते खरे असायचे.

तेव्हा ग्रुप छाटणीच्या तारखेवर पाडले. सप्टेंबर आणि त्याआधीचे एकात, ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा एकात, दुसरा एकात, नोव्हेंबरवाले एकात. व्हॉट्सॲपने २०२२ च्या शेवटी कम्युनिटीची सोय आणली होती, तिच्याखाली हे चारही बसवले. वरच्या सूचनांच्या ग्रुपवर फक्त ॲडमिन लिहिणार. बाजारभाव आणि व्यापारी यांचा पाचवा. आणि सहाव्याचं नाव ठेवलं 'पार'. गावात पारावर बसून जे काही बोलतात ते सगळं तिथे. गणपती, वाढदिवस, राजकारण, म्हशीची विक्री, सगळं. त्या पारामुळे बाकीचे पाच ग्रुप स्वच्छ राहिले. एकवीस नियम जिथे हरले तिथे ही एक मोकळी जागा पुरली. हे मला आजही जरा लाजिरवाणं वाटतं.

प्रश्न कसा विचारायचा यावर मात्र घासाघीस झाली. शेवटी पाच ओळी ठरल्या: गाव आणि द्राक्षाची जात, छाटणीची तारीख आणि आजचा दिवस, काय दिसतंय, मागच्या आठ दिवसांत काय काय मारलं, आणि दोन फोटो, एक जवळून, एक पूर्ण वेलीचा. फोटोचं महत्त्व गुरुजींनी पटवलं. गुरुजी म्हणजे आमच्यातले निवृत्त विज्ञान शिक्षक. ते म्हणाले, पानाच्या वरच्या बाजूचा तेलकट डाग सगळेच दाखवतात, खालची पांढरी बुरशी कुणी दाखवत नाही, आणि डाऊनी आहे की दुसरं काही हे खालच्या बाजूवरच कळतं.

उत्तर देणाऱ्यालाही एक बंधन घातलं. औषधाचं टेक्निकल, म्हणजे आतल्या घटकाचं नाव, सांगायचं, कंपनीचं नाव नाही. हे कृषी सेवा केंद्रवाल्या आमच्या मित्राला लागलं. त्याने विचारलं, "म्हणजे माझ्यावर विश्वास नाही?" मी म्हटलं, आहे, पण तू सांगितलेलं औषध तुझ्याच दुकानात मिळतं हे लोक बघतातच ना. तो आठवडाभर बोलला नाही. मग स्वतःहूनच ॲडमिनपद सोडलं, आणि गंमत म्हणजे त्यानंतर त्याच्या उत्तरांना जास्त वजन आलं. एकच घटक तीन वेगवेगळ्या नावांनी तीनदा मारला जायचा, तेही या टेक्निकलच्या सवयीने पुष्कळ कमी झालं.

निर्यातीच्या बागांसाठी आणखी एक. तोडणी जवळ आली की कुणीही तोंडी औषध सुचवायचं नाही. पुण्याजवळच्या मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची शिफारस केलेल्या औषधांची यादी येते, तिच्यात काढणीपूर्व किती दिवस थांबायचं ते दिलेलं असतं, त्या पानाचा फोटो टाकायचा आणि गप्प बसायचं. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढरोधकाच्या अंशावरून युरोपात आपली द्राक्षं अडकली तेव्हाचे चटके बसलेले लोक अजून ग्रुपवर आहेत. त्यांना हे समजावावं लागलं नाही.

ॲडमिनच्या कामाचं नाव आम्ही 'पाळी' ठेवलं. पाण्याची असते तशी. प्रत्येक ग्रुपला तिघे, तिघांत एकेक आठवडा फिरती. ज्याची पाळी त्याने रात्री नऊला एकच काम करायचं: दिवसभरात उत्तर न मिळालेले प्रश्न शोधायचे, खालून वर. नवीन माणसाचा, अडखळत लिहिलेला, एका ओळीचा प्रश्न आधी. वडिलांचं शेपटापासून पाणी, दुसरं काही नाही. पाळीवाल्याला उत्तर आलंच पाहिजे असं नाही. ज्याला येतं त्याला त्याने हाक मारायची. त्या पोराच्या प्रश्नाखाली त्या रात्री कुणी नुसतं "दिवस कितवा?" एवढं विचारलं असतं, तर पुरलं असतं.

जमा होणारी माहिती वाहून जाते याचं दुखणं जुनंच. मध्यंतरी तर कुणीतरी सेटिंगमध्ये बोट घालून सात दिवसांत मेसेज आपोआप पुसायची सोय चालू केली होती, आणि आम्हाला ते पंधरवड्याने कळलं. आता सेटिंग फक्त ॲडमिनच्या हातात. आणि गुरुजी दर रविवारी बसून आठवड्यातली कामाची उत्तरं वहीत उतरवतात, विषयाप्रमाणे नाही, बागेच्या दिवसाप्रमाणे. एक ते दहा, अकरा ते वीस, असं. पेस्टिंग, फेलफूट, विरळणी, बुडवणी ही बागेची कामं ज्या त्या दिवसाच्या पानावर. वहीचे फोटो सूचनांच्या ग्रुपवर जातात. दुसऱ्या वर्षी बरेच प्रश्न विचारायच्या आधीच मिटले.

आता न जमलेल्याबद्दल.

फेब्रुवारी २०२४ मध्ये बाजाराच्या ग्रुपवर एकाने एका व्यापाऱ्याचं नाव घेऊन लिहिलं, "हा पळणार आहे, याला माल देऊ नका." नाशिक जिल्ह्यात व्यापारी माल उचलून, पैसे बुडवून परागंदा होतो हे नवीन नाही. पण नुसत्या संशयावर नाव लिहिणंही बरोबर नाही. त्या व्यापाऱ्याचा मेहुणा ग्रुपमध्येच होता. तासाभरात शिव्या, दीड तासात वकिलाच्या नोटिशीची धमकी. मी मेसेज काढला. लिहिणाऱ्याला फोन करून म्हटलं, किती माल, कुठल्या तारखेला दिला, किती बाकी, पावती आहे का, हे आम्हा तिघांना पाठव, आम्ही खातरजमा करतो.

खातरजमेला आठ दिवस गेले. त्या आठ दिवसांत आमच्याच ग्रुपमधल्या एकाने त्याच व्यापाऱ्याला दीड एकराचा माल दिला. पैसे आजही आलेले नाहीत.

तो माणूस माझ्या तोंडावर म्हणाला, "तुम्ही तो मेसेज राहू दिला असता तर मी वाचलो असतो." मला उत्तर देता आलं नाही. अजूनही येत नाही. आता आम्ही असा मेसेज काढतो, पण त्याच जागी पाळीवाला लिहितो: "एका व्यवहाराबद्दल तक्रार आली आहे. रोख किंवा आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय कुणालाही माल देऊ नये." नाव नाही. लोकांना हे गुळमुळीत वाटतं. मलाही वाटतं.

त्या प्रकरणात दोन ॲडमिन घाबरून राजीनामा द्यायला निघाले होते, उद्या कुणी काहीही लिहील आणि गुन्हा आपल्यावर. एका वकील स्नेह्याने सांगितलं की मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये गोंदियाकडच्या एका ॲडमिनवरचा गुन्हा रद्द केलाय. ॲडमिनचा त्यात समान हेतू असल्याचं दिसत नसेल तर सदस्याच्या मेसेजसाठी नुसता ॲडमिन म्हणून त्याला जबाबदार धरता येत नाही, असा निकाल. तो कागद ग्रुपवर फिरला तेव्हा दोघे थांबले. त्यातला एक अजूनही दर पाळीला तो कागद मोबाइलमध्ये आहे ना ते बघतो म्हणे.

दुसरं न जमलेलं म्हणजे तात्या. तात्यांच्या हातून चाळीस वर्षं बाग गेलेली. पांडुरंगाच्या कपाळावरचा टिळा बघावा तसे ते घडाकडे बघतात आणि मण्यात पाणी कधी उतरणार ते सांगतात. जुन्या ग्रुपवर ते आवाजाचे मेसेज टाकायचे, सात-सात मिनिटांचे. मध्ये कोंबडा आरवायचा, सून चहा घेऊन यायची, पण आत एखादं वाक्य सोन्याचं असायचं. पाच ओळींचा नियम आल्यावर तात्या हळूहळू बंद झाले. आमच्या लक्षात यायला अख्खा हंगाम गेला. मी भेटायला गेलो तर म्हणाले, "मला तुमचा फॉर्म भरता येत नाही रे बाबा. मी बोलतो, तुम्हाला लिहिलेलं पाहिजे."

आम्ही नियम प्रश्नांसाठी केला होता, उत्तरांसाठी नव्हता. पण हे तात्यांना कुणी सांगितलंच नाही. त्यांच्यापुरता नियम सैल आहे असं मी म्हटलं, तर उपकाराची भाषा नको म्हणाले. मग त्यांच्या नववीतल्या नातीने तोडगा काढला. तात्या बोलतात, ती लिहिते, आणि शेवटी कंसात स्वतःचं टाकते.

परवा सकाळी साडेसहाला दुसऱ्या पंधरवड्याच्या ग्रुपवर एका नवीन मुलाने विचारलं होतं. पाचही ओळी भरलेल्या, फोटो दोन, छाटणी अठरा ऑक्टोबर, दिवस तेविसावा, जीए किती घेऊ. पाळी माझी होती. मी लिहायला घेतलं तोवर तात्यांचं उत्तर येऊन पडलं होतं: "दहाच घे. आणि आधी ढग बघ. आभाळ भरलेलं असेल तर आजचा दिवस थांब, उद्या तुझा चोविसावा असेल, काही बिघडत नाही. (तात्या बाहेर जाऊन ढग बघून आलेत. आमच्याकडे आहेत.)"